काळी चारचा कॉम्प्युटर

कोथरूडला मंदारच्या घरी आमचा कंपू दर रविवारी जमतो. गाणं होतं तासभर, चहा दोनदा आणि किस्से? ते रद्दीसारखे साठतात. रद्दीवाला तरी अधूनमधून येतो, हे न्यायला कुणी येत नाही! म्हणून म्हटलं, तुम्हालाच सांगून टाकावेत. मला आधीच धक्का पटकन बसतो, त्यात या कॉम्प्युटर खरेदीतून मी अजून सावरलेली नाहीये.

कंपू म्हणजे तिघंच. शुभाताई गातात. शाळेतून रिटायर झाल्या, दरारा नाही झाला. मी पेटी वाजवते. आणि मंदार रेकॉर्डिंग करतो, तेही टॅबवर. मांडी घालून, टॅब उशीला टेकवून!

*

शुभाताईंचे गुरुजी मंडईजवळ राहतात. आजवर त्यांनी कुणाला शाबास म्हटलेलं नाही.

मागे ताईंचा मोठा कार्यक्रम झाला. लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते. ताई पाया पडायला वाकल्या. गुरुजी म्हणाले, "माईक चांगला होता."

मी शेजारीच उभी होते. हादरलेच! 

आता गुरुजी कायमचे लेकीकडे नागपूरला चाललेत असं कळलं आणि ताईंनी हट्टच धरला. जायच्या आत आपलं एक रेकॉर्डिंग त्यांच्या कानावर घालायचं. "एकदा शाबास म्हणू देत. मग खुशाल जाऊ देत," म्हणाल्या. डोळे भरून आले होते हो त्यांचे. मला फार वाईट वाटलं.

*

झालं, लागलो कामाला. तबला, पेटी, तानपुऱ्याचं ॲप, सगळं टॅबमध्ये एकावर एक चढवलं. शेवटी ताई गायला बसल्या. वरचा सा लावला मात्र, टॅब काळाठिक्कर!

"माझं ऐकून गेला की काय?" ताई म्हणाल्या.

"नाही हो ताई, मेमरी संपली त्याची. एवढं झेपत नाही. कॉम्प्युटरच घ्यायला लागणार."

"माझी साठी उलटली, मेमरी शाबूत आहे. याचं वय काय?"

"चार वर्षं."

"अरेरे! एवढ्यात?"

*

मंदार म्हणाला, आधी करून बघू. मित्राचा लॅपटॉप आणला, टॅबवरचं एक जुनं गाणं त्यात घातलं. त्यात बासरी होती, सारंगी होती, घुंगरं होती. आम्ही कान टवकारून बसलो.

टिक. टिक. टिक. टिक.

बास! बासरी गायब, सारंगी गायब. ही वाद्यं टॅबच्या ॲपमधली, लॅपटॉपला ती ठाऊकच नाहीत. सबंध गाण्यातून ताल धरायची टिकटिक तेवढी उरली!

"एकेक वाद्य वेगळं काढून न्यायला हवं होतं," मंदार डोक्याला हात लावून म्हणाला.

ताईंनी शांतपणे शेवटपर्यंत ऐकलं. "तालात आहे," म्हणाल्या.

*

मग दुकान. मालक पेपर वाचत होते.

"म्युझिकसाठी कॉम्प्युटर हवाय," मंदार म्हणाला.

"गाणं ऐकायचंय की करायचंय?"

"करायचंय."

"मग पेटी घ्या. हँग होत नाही."

मी पेटीवाली! पुण्यातला दुकानदार पहिल्यांदाच माझ्या बाजूने बोलला, याचाच मला धक्का.

बऱ्याच मिनतवाऱ्यांनी त्यांनी एक पापडासारखा पातळ लॅपटॉप काढला. मंदार तो चारही बाजूंनी फिरवून बघायला लागला. "अहो, याला माईक कुठे लावायचा?"

"हा दाखवायला घेतात, साहेब. लावायला नाही!"

*

दुसऱ्या दुकानात ताई स्वतः आल्या. आल्या आल्या म्हणाल्या, "एसी बंद करा."

"थंडी वाजतेय का, काकू?"

"ऐकायचंय."

एसी बंद, पंखे बंद. ऑक्टोबरचा उकाडा! गिऱ्हाइकं घामाघूम, पण ताईंचा शाळेतला आवाज, कोण बोलणार? मांडलेल्या एकेका सीपीयूला त्यांनी कान लावला. ताई गातात काळी चारमध्ये, म्हणजे पेटीवरची चौथी काळी पट्टी हा त्यांचा सा.

"हा धड पांढरी पाच नाही, धड काळी चार नाही. बेसूर आहे. पुढचा."

"ताई, रॅम बघायची असते! स्टोरेज बघायचं असतं!" मंदार रडकुंडीला आला.

"ते तू बघ. गायचं मला आहे त्याच्याबरोबर."

"अहो, पण तो आवाज आतल्या पंख्याचा! त्याचा स्पीड बदलतो!"

"त्याला म्हणावं, रियाज कर."

शेवटी एका काळ्या डब्यापाशी त्या थांबल्या, गुणगुणल्या, हसल्या. "काळी चार. द्या हाच!"

नशीब, मंदारला हवं ते सगळं त्यात होतं. दुकानदार बांधता बांधता म्हणाला, "रंग बघून घेणारे पाहिलेत. गळा बघून घेणारं गिऱ्हाईक पहिलंच!"

*

रेकॉर्डिंगच्या दिवशी टॅबने कायमचे डोळे मिटले. तानपुऱ्याचं ॲप त्याच्यातच!

"तानपुरा मी नंतर घालतो," असं म्हणत मंदार सीपीयू लांब सरकवायला लागला, त्याची घरघर माईकमध्ये येऊ नये म्हणून.

"राहू दे टेबलाखाली," ताई म्हणाल्या. "माझा सा तिथे आहे." डोळे मिटले आणि गायल्या. काय गायल्या!

मंदार आता तानपुरा घालणार, तेवढ्यात बेल वाजली. दारात गुरुजी!

"शुभा म्हणत होती, आज इथे रेकॉर्डिंग आहे. मी उद्याच निघतोय. काय केलंयत ते ऐकवा. सामान बांधायचंय मला."

 होतं तसं लावलं. गुरुजी हेडफोन लावून डोळे मिटून बसले. ताईंनी माझा हात असा आवळला की बांगडी रुतली.

गुरुजींनी हेडफोन काढला. "शुभा, मध्यमावर अजून घाई करतेस."

ताईंचा चेहरा पडला.

"पण मागे षड्ज काय धरलाय! तसूभर हलत नाही. तानपुरा कुणाचा?"

मंदारने तोंड उघडलं. मी त्याच्या पायावर पाय दिला.

"मीच निवडलाय, गुरुजी," ताई म्हणाल्या. "कानाने."

गुरुजींनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. "शाबास!"

ताई रडायलाच लागल्या. मीही. मंदार भिंतीकडे तोंड करून उभा.

गुरुजी निघाले, दारात चपला घालता घालता थांबले, परत आत आले. "कुठे ठेवलाय? नमस्कार करून जातो."

ताईंनी डोळे पुसले आणि टेबलाखाली बोट दाखवलं.