एकरी खत आणि श्रावणातली मोजणी

"पाटणकर, आपलं एकरी खत ग्वाल्हेरपेक्षा कमी कसं?" दिघे साहेबांनी माझा कागद टेबलावर आपटला.

कारण सोपं होतं. आमच्याकडे खत कमी वापरलं जात होतं. पण ऑफिसात सोपं कारण चालत नाही.

मध्यभारत राज्य तेव्हा नवं होतं आणि मी इंदूरला शेतीचे आकडे जमवणाऱ्या ऑफिसात असिस्टंट होतो. एकरी खत म्हणजे काही गूढ विद्या नव्हे. वर्षभरात वाटलेलं खत वर लिहायचं, पिकाखालची जमीन खाली लिहायची आणि भागायचं. वरचा अंश, खालचा छेद. चौथीतलं पोरही करेल, म्हणून त्यासाठी चार माणसांचा स्टाफ होता.

साहेबांनी आधी अंशाला हात घातला. "किडे मारायची पावडर धरा यात. तीही शेतातच जाते ना?"

"साहेब, यंदाची पावडर रेस्ट हाउसच्या पलंगांवर गेली. ढेकूण फार झाले होते."

"मग छेद बघा, भिया. छेद फार मोठा दिसतो." गरज पडली की साहेब 'भिया' म्हणत.

माळव्यात गव्हाची काळी जमीन पावसाळाभर रिकामी ठेवतात. ती पाणी पिऊन घेते, मग दिवाळीच्या सुमारास पेरणी होते. साहेबांना हे चांगलं ठाऊक होतं, तीच तर पंचाईत.

"श्रावणात मोजणी करवा. उभं पीक दिसेल तेवढीच जमीन पिकाखालची. बाकी सगळी पडीक."

"पण साहेब, गहू..."

"श्रावणात गहू दिसतो कुठे? मग बस!"

मी मान डोलावली. माझी नोकरी पक्की व्हायची होती आणि फाइल त्यांच्याकडे होती. पटवाऱ्यांनी श्रावणात जे दिसलं ते इमानदारीने लिहिलं. छेद निम्म्यावर आला. एक पोतंही न वाढता एकरी खत दुप्पट झालं. ग्वाल्हेर मागे पडलं, साहेबांनी सगळ्यांना कचोऱ्या खाऊ घातल्या, मी पर्मनंट झालो.

मग वरून पत्र आलं. इंदूरकडे खताचा वापर समाधानकारक आहे, सबब यंदाचा कोटा गरजू भागांना द्यावा. इंदूरच्या सियागंज बाजारातल्या गोदामात पोती उतरलीच नाहीत.

दसऱ्यानंतर मानपूरचे गेंदालाल पटेल ऑफिसात आले. दोन वर्षं त्यांच्या मागे लागून आमच्याच शेतीखात्याने त्यांना विलायती खत वापरायला लावलं होतं. बटाटा लावून ते खताची वाट पाहत होते.

"बाबूजी, म्हारा आलू को खाद कां गयो?"

मी फाइल उघडली. "पटेलजी, कागज पे आपके यहाँ खाद बहुत हो गई है।"

"तो आलू कागज पे बो दूँ?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. साहेबांकडे गेलो तर ते म्हणाले, "पुढच्या वर्षी छेद जरा वाढवू."

पटेलांचे बटाटे सुपारीएवढे निघाले. पुढच्या वर्षी कोटा परत मिळाला, तेव्हा मी स्वतः मानपूरला सांगायला गेलो. पटेलांनी चहा पाजला आणि खत नको म्हणाले, ऑफिसच्या भरवशापेक्षा शेणखत बरं. त्यांचं बघून अर्ध्या गावानेही घेतलं नाही.

साहेबांनी विचारलं, "पाटणकर, हे शेतकरी इतके मागासलेले कसे?"

आकडा फुगवण्याआधी तो वर कोण वाचणार आणि वाचून काय करणार, एवढं विचारावं. मी विचारलं नव्हतं. मी पर्मनंट होतो.