कुलूप लावलेलं घर आणि आरतीचा गणवेश

"राज्यातल्या लेकरांची गरिबी घटली," असं पेपरात वाचलं आणि मी भाचीला, सुजाताला फोन लावला. ती घरोघर फिरून टॅबवर हीच माहिती भरते. म्हटलं, "कशी मोजता गं गरिबी? मला बघायचंय." चाळीस वर्षं परभणीत शिवणकाम केलं; मापाचं नाव निघालं की मला राहवत नाही.

"चल की मावशी. पण मधे बोलायचं नाही."

पेडगावच्या पुढं एका फाट्यावर एसटीनं उतरलो. बायांना तिकीट अर्धं. पुढं दोन किलोमीटर पायी, रस्ता म्हणजे नुसती खडी. या दिवसांत निघालात तर शाल ठेवा आणि हुरड्याला नाही म्हणू नका. वाटेत एका दादांनी आगटीतली कणसं चोळून गरम हुरडा ओंजळीत दिला, वर शेंगदाण्याची चटणी. चव अजून जिभेवर आहे.

चालता चालता सुजातानं सांगितलं, आख्ख्या राज्याचा आकडा काढायला गावोगावची थोडीच घरं निवडतात. एकेक घर हजारोंच्या वतीनं बोलतं; संडास, शाळा अशा प्रश्नांना जितके 'हो', तितकं ते घर कमी गरीब. यादीतल्या अशाच एका घरी पोचलो तर दाराला कुलूप. तिचा हा दुसरा हेलपाटा.

शेजारची म्हातारी हसली. "कुलपाला काय इचारायलीस बाई? रुक्मीण ऊस तोडायला गेलीया गंगाखेडाकडं. लेकरं बी संगंच."

"मग आता?" मी सुजाताला विचारलं.

"उद्या शेवटची फेरी. कुलूप दिसलं तर 'घर बंद' लिहायचं. ते घर मोजणीतून गेलं."

"तिथं फडावर जाऊन विचार की!"

"यादीतल्या घरीच विचारायचं असतं, मावशी. खोपटं यादीत नसतात."

माझं डोकंच फिरलं. म्हणजे जी लेकरं पोटासाठी गावाबाहेर, तीच मोजणीच्याही बाहेर? अशानं गरिबी घटणार नाही तर काय!

म्हातारीकडून रुक्मीणचा नंबर घेतला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एकटीच गंगाखेडची एसटी धरली. फडाशेजारच्या खोपटात रुक्मीण सापडली. तिची नऊ वर्षांची आरती कडेवर धाकटा घेऊन चूल फुंकत होती.

"लिवून घेतल्यानं काय व्हतंय मावशी?" रुक्मीण म्हणाली. "एक खाडा झाला तर मुकादम लय बोंबलतोय."

"नोंद असली तर लेकरांना गावात ठेवायची सोय मागता येईल. नोंदच नसल्यावर कुठल्या तोंडानं मागायची?"

आरतीनं फुंकणी खाली ठेवली. "आई, जाऊ की. मला शाळंतच ऱ्हायचंय."

तिच्या त्या बोलण्यावर रुक्मीण उठली. दुपारी आम्ही गावात, सुजाताही शेवटच्या फेरीला आलेली. कुलूप निघालं तशी आरती ट्रंकेकडं पळाली आणि गणवेश घालूनच बाहेर आली, जणू परीक्षाच होती.

सुजातानं विचारायला सुरुवात केली. संडास? "हाय की." आत जळणाच्या तुराट्या रचलेल्या, तरी टॅबवर 'हो'. मोबाईल? 'हो'.

"आरती या शालेय वर्षात कधी शाळेत गेली होती?"

आरती ताठ उभी राहिली. "गेले की! दिवाळीपस्तोर!"

सुजातानं 'हो' दाबलं.

"अगं, आता कुठं जातीय ती?"

"प्रश्न 'कधी गेली का' एवढाच आहे, मावशी." तिचा आवाज खाली गेला होता. "पुढचं लिहायला जागाच नाही."

संताप संताप झाला. बाईला कामाचा खाडा करायला लावून मी आणलं, आणि ऊसतोडीवरची तिची पोरगी शाळेत आहे, हे पोरीच्याच तोंडून लिहून घेतलं!

"आज्जी, लिवलं का माझं?" आरतीनं विचारलं.

"लिहिलं गं." काय लिहिलं ते सांगायला जीभ रेटली नाही. तिची कॉलर नीट करता करता विचारलं, "हा गणवेश कधीचा?"

"दुसरीतला. आता चौथीत हाय मी."

घरी येऊन दोन दिवस मशीनवर बसले नाही. शाळेचा झगा शिवताना मी खाली चार बोटं दुमड सोडते. लेकरू वाढतं, आई दरवर्षी थोडी उसवते. आरतीची दुमड अजून पहिल्या शिलाईतच होती, आणि झगा अंगाला बरोबर बसला होता. दोन वर्षांत पोरगी बोटभर वाढली नाही. हे कुठल्याच प्रश्नात नव्हतं.

पेपरात पुन्हा एकदा गरिबी घटल्याचं छापून येईल. तेव्हा एवढं ध्यानात ठेवा: त्यात आरतीचं ते 'हो' धरलेलं असेल.