मामांची गाळणी

गाळून घेतल्याशिवाय आयुष्यात काहीच आत घेतलं नाही, असा एकच माणूस मी पाहिला: माझ्या बायकोचे सोनपेठचे मामा. खांद्यावरचं पांढरं फडकं म्हणजे निम्मे मामा. पाणी दुहेरी फडक्यातून, चहा दोनदा, पीठ तीनदा. महादेवावर घालायचं पाणीसुद्धा गाळून, कारण "देवाला गाळ कशापायी?" आमच्या लग्नात त्यांनी पंगतीच्या ताकाचा अख्खा हंडा अडवून गाळायला घेतला आणि तोवर वऱ्हाडी कोरडा भात चिवडत बसले. गावातली बातमीही ते तशीच घेत नसत. "कोन म्हन्लं? त्यानं सोता पाह्यलं का?" एवढं झाल्यावर उरेल ती बातमी.

देवगाव फाट्याजवळ मी शेणापासून गॅस करायचा प्लांट टाकला, तेव्हा मामा फडक्यासकट बघायला आले आणि राहिलेच. शेणाच्या गॅसमध्ये जळणाऱ्या मिथेनसोबत न जळणारा कार्बन डायऑक्साइडही बराच असतो. तो काढून टाकायला मी मेम्ब्रेनचं, म्हणजे पातळ पडद्याचं, यंत्र आणलं होतं. एका नळकांड्यात केसासारख्या हजारो पोकळ नळ्या. "म्हंजे गाळनीच की," मामा म्हणाले, आणि त्या दिवसापासून त्यांची खुर्ची यंत्रापाशी लागली.

चाचणीला आसपासचे शेतकरी जमले. शेगडी पेटलेली डोळ्यांनी पाहिली तरच ते रोजचं शेण देणार होते. नाहीतर प्लांटला कुलूप. मी काडी ओढली, शेगडीजवळ नेली, विझली. अशा चार काड्या विझल्या. मागून कुणीतरी म्हणालं, "चला, जनावरं सोडायची हायेत." मी पाचवी काडी काढली.

मामा शेजारी येऊन हळूच म्हणाले, "जावईबापू, गाळनीतून पल्याड काय जायलंय?"

"कार्बन डायऑक्साइड."

"अन् चांगला गॅस?"

"तो आतच राहतो."

"मग हे चहाचं काम न्हाई, चक्क्याचं हाय. फडक्यातून गळतंय ते पानी, चक्का फडक्यातच ऱ्हातो. तुमी शेगडीला पानी जोडलंय."

खरंच जोडलं होतं. जन्मभर चहा पिणारा माणूस मी. गाळणीखाली पडतं तेच आपलं, असं हातांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. चांगला गॅस बिचारा चिमणीतून हवेत चालला होता. यंत्र थांबवून बाहेर येणाऱ्या दोन नळ्यांची अदलाबदल केली आणि निळी ज्योत उभी राहिली. मामा शेतकऱ्यांना म्हणाले, "जावयानंच हुडकली चूक. लय डोकं हाय त्यायला." त्या ज्योतीवरचा पहिला चहा त्यांनी अर्थातच दोनदा गाळला.

खरी गोष्ट त्यांनी शेवटपर्यंत कुणाला सांगितली नाही, मामींनाही नाही. म्हणून ती आज मी सांगतो आहे. मामा जाऊन दोन पावसाळे झाले. शेण रोज येतं. यंत्राच्या एका नळीवर मी तेलरंगानं 'चक्का' असं लिहून ठेवलंय. बघायला येणारे ते वाचून हसतात. मीही हसतो, आणि ते पुढे गेले की थोडा वेळ तिथेच उभा राहतो.