दोनशे छप्पन्न पायऱ्या

दादरहून बंगलोरची बस सुटायच्या बेतात होती आणि मी खिडकीच्या बंद काचेत माझी नवी पर्स खांद्यावर कशी दिसते ते बघत होते. काचेपलीकडे बाबा उभे. त्यांच्या गिरणीच्या संपाचं दुसरं वर्ष. मिलच्या साचेखात्यात, मागांच्या त्या खडखडाटात सगळे नुसत्या ओठांनी बोलायचे, आवाज न काढता. आम्हा लालबागच्या पोरांनाही ते वाचता यायचं. बाबांनी ओठ हलवले. मी न वाचताच मान डोलावली. बाप निघताना दुसरं काय सांगणार, जपून राहा! एकवीस वर्षांच्या त्या शहाणीला सगळं ठाऊक होतं.

तिकडे रडारच्या कारखान्यात चिप तपासायची नोकरी होती. विमानावर आपटून परतलेल्या लहरीचे ही चिप सेकंदाला लाखो वेळा आकडे करते. मी तिला शून्यापासून हळूहळू चढता व्होल्टेज द्यायची आणि तिने त्या चढाच्या दोनशे छप्पन्न पायऱ्या ओळीने सांगायच्या. एक जरी गाळली तरी चिप बाद. मी घरी ऐटीत लिहिलं, तुमच्या पोरीच्या नजरेतून एक पायरी सुटत नाही.

आई लिहायची, संप मिटला की ये. संप मिटल्याचं कुणी कधी सांगितलंच नाही. साचे भंगारात गेले, बाबा भायखळ्याच्या एका गोदामावर वॉचमन झाले. मी रजा मिळत नाही म्हणून कळवायची. मिळत होती हो. चाळीतल्या त्या गप्प झालेल्या बायाबापड्यांसमोर बंगलोरची साडी नेसून मिरवायची लाज वाटायची, आणि न मिरवता येणं मला जमलं नसतं.

मग बाबांच्या हृदयाची तपासणी निघाली, तेव्हा कुठे मी मुंबईला गेले. परळच्या हॉस्पिटलात ते उघड्या छातीने कुशीवर पडलेले, आणि मी डॉक्टरला समजावतेय की तुमच्या ह्या यंत्रातही आमच्यासारखीच चिप असते, हृदयावरून परतलेल्या लहरी तीच मोजते. डॉक्टर बिचारा हो हो म्हणत होता, मी बसमध्ये मान डोलावली होती तसाच. पडद्यावर बाबांचं हृदय दमल्यासारखं हलत होतं.

बाहेर बाकावर त्यांच्या शर्टाची बटणं लावताना विचारलं, "बाबा, मी निघाले तेव्हा खिडकीशी काय म्हणत होतात?"

"काच सरकव म्हणत होतो गो."

"आणि सरकवली असती तर?"

त्यांनी वरचं बटण स्वतःच लावून घेतलं. "आता नाय आठवत."

दोन महिन्यांनी ते गेले.

चाळीच्या जागी आता टॉवर आहे. भावाला त्यात एकविसाव्या मजल्यावर खोल्या मिळाल्या. तिथे राहिलेल्यांना वाटतं मी परकी झाले, बंगलोरात माझी नातवंडं मला लालबागची म्हणतात. दोघांचंही खरं असेल. भावाकडे गेले की पिशवी ठेवायच्या आधी मी खिडकीची काच सरकवते. भावजय म्हणते, ताई, एसी चालू आहे. असू दे, म्हणते मी, आणि वाकून खाली बघते. खालची माणसं तिळाएवढी. एवढ्या उंचीवरून कुणाचे ओठ दिसत नाहीत.