उभ्याउभ्या चालवलेलं दूधकेंद्र

सातपुड्यापासून तापीपर्यंतच्या साऱ्या मुलखात खाली न बसता आयुष्य काढलेली बाई एकच झाली, आणि ती नेमकी आमच्या घरमालकांची बहीण निघावी हे माझं नशीब. म्हसावदच्या वर, डोंगराच्या पायथ्याच्या त्या गावात मी चार वर्षं भाड्यानं राहिलो. या चार वर्षांत बाईंना मी चालताना पाहिलं, धावताना पाहिलं, शिडीवर पाहिलं, एकदा तर पदर खोचून चिंचेच्या झाडावरही पाहिलं. बसलेलं मात्र एकदाच पाहिलं. ती गोष्ट सांगण्यासाठीच हे सारं लिहितो आहे, कारण त्या बसण्यापायी सरकारदप्तरी एक कागद तयार झाला आणि तो त्यांच्या हातात द्यायला मलाच जावं लागलं.

त्या जेवायच्याही उभ्यानं. डाव्या तळहातावर भाकरी, भाकरीवर मिरचीचा ठेचा, आणि एकेक घास मोडत चुलीपासून गोठ्यापर्यंत फेऱ्या. एका जेवणात त्यांचं अर्धा कोस चालणं होत असावं. एसटीत जागा रिकामी असली तरी त्या ड्रायव्हरच्या मागे दांडा धरून उभ्या राहत आणि पुढे गाडी आडवी आली की त्याच्या आधी यांच्याच तोंडून "हं, थांब" असं निघे. आपण त्यांच्या घरी गेलो तर आपल्याला पाट मिळे, पाणी मिळे, गूळ मिळे. पण बोलणं व्हायचं ते त्या आपल्या पायाखालची जमीन झाडत असताना. "बसा ना तुम्हीही," म्हणालं की ठरलेलं उत्तर यायचं, "तुम्ही बठा भाऊ, मी उभीच बरी शे." मी वाईकडचा माणूस. आमच्याकडे दुपारच्या वामकुक्षीला देवपूजेइतका मान. तेव्हा पहिले सहा महिने मला ही बाई म्हणजे एक शिक्षाच वाटत होती. भिंतीपलीकडून त्यांच्या पावलांचा आवाज ऐकूनच मी दमायचो.

मी ब्लॉकच्या कचेरीत समाजशिक्षणाच्या कामाला होतो आणि गावोगावच्या बालवाड्यांना सरकारी दुधाची भुकटी पोचते की नाही हे पाहणं माझ्याकडे होतं. बाई विधवा होऊन भावाकडे परतलेल्या. भाऊ जातीनं गुजर, केळीचे बाग राखणारा, मानी गडी. गावात बालवाडी काढायची ठरली, सेविका म्हणून बाईंची नेमणूक झाली, तेव्हा त्यांनी त्याची कापसाची खोली एका सकाळी परस्पर रिकामी केली आणि कापूस ओसरीत नेऊन टाकला. तो शेतावरून आला तर खोलीत पंधरा पोरं 'अ आ' म्हणत होती. त्यांत त्याची स्वतःची दोन होती आणि बाकीची भिल्लांच्या पाड्यावरची. सगळी एकाच रांगेत, एकाच सतरंजीवर. भाऊ आठ दिवस बहिणीशी बोलला नाही. बाईंना ते कळलंच नाही, कारण आठ दिवस ऐकून घ्यायला त्या एका जागी थांबल्याच नव्हत्या.

एकदा तालुक्याला सेविकांची सभा झाली. साहेबांनी बाईंना आग्रहानं पुढची खुर्ची दिली, तर त्या तिची पाठ धरून उभ्या राहिल्या. साहेबांचं स्वच्छतेवर भाषण सुरू झालं आणि पाचव्या मिनिटाला बाई खुर्चीवर चढल्या. भिंतीवरच्या थोर पुरुषांच्या तसबिरींवर किती जाळी साचली होती हे आम्हाला त्या दिवशी कळलं. साहेब बोलत राहिले, वरून धूळ पडत राहिली. सभा संपली तेव्हा कचेरी लख्ख झाली होती आणि भाषण कोणाच्याच लक्षात राहिलं नव्हतं.

दुधाची भुकटी मोठ्या डब्यांतून यायची. कोमट पाण्यात ती ढवळायची, गाठी मोडायच्या आणि मापानं प्रत्येक मुलाला पाजायची, असा सरकारी शिरस्ता. पाड्यावरच्या लोकांना या दुधाचा भरवसा वाटेना. गाय दिसत नाही, म्हैस दिसत नाही, मग हे दूध आलं कुठून? एका पोरानं सरळ विचारलंच, "बाय, यानी गाय कोठे शे?" बाईंनी कोळसा घेतला आणि डब्यावर शिंगं-शेपटीसकट गाय काढली. दुसऱ्या दिवशी मी तपासणीला गेलो तर डब्यापुढे हिरव्या गवताच्या पाच-सात पेंढ्या पडलेल्या. पोरांनी गाईला चारा आणला होता. मी हसलो, तशा बाई माझ्यावरच उखडल्या. म्हणाल्या, खाऊ घातल्याशिवाय दूध मागू नये एवढं तरी यांना कळतं. शिवाय नुसतं दूध पोरांच्या पोटाला बाधतं असं त्यांच्या लक्षात आलं होतं. त्यांनी शिरस्ता गुंडाळून ठेवला आणि ज्वारीचं पीठ घालून दुधाची राबडी शिजवायला सुरुवात केली. अहवालात मी 'दूध' असंच लिहीत राहिलो. नाही तरी राबडीत दूध होतंच.

रविवारी बालवाडी बंद, म्हणून शनिवारी बाई प्रत्येक पोराबरोबर थोडी भुकटी घरी पाठवत. इथेच घोटाळा झाला. होळीचे दिवस आले. पाड्यावरचा एक तरुण नवस फेडायला काठी गावच्या होळीला निघाला. नवसाचे लोक अंगभर पांढरे ठिपके काढून, कमरेला घुंगरं बांधून नाचतात. ठिपके राखेचे नाही तर तांदळाच्या पिठाचे. याला घरात त्याहून पांढरी भुकटी सापडली. नाचला तो झोकात, त्याच्याइतका उजळ त्या होळीत कोणी दिसला नाही म्हणे. पण घामानं ते दूध भिजलं, आणि परतीच्या वाटेवर प्रत्येक गावची कुत्री त्याच्या पोटऱ्या चाटत त्याला वेशीपर्यंत पोचवायला आली. त्याचा म्हातारा बाप बाईंकडे येऊन गंभीरपणे म्हणाला, "बाय, दूध चांगलं शे, पन कुत्रास्ना भारी तरास." बाई हसून हसून भिंतीला टेकल्या. टेकल्या म्हणजे उभ्यानंच.

वरच्या कचेरीत मात्र कोणी हसलं नाही. परिपत्रक आलं की दूध घरी द्यायचं नाही, मुलांनी ते केंद्रातच सेविकेच्या नजरेसमोर प्यावं, आणि जिथे हजेरी महिनाभर निम्म्याहून कमी राहील ते केंद्र बंद करून भुकटी दुसऱ्या गावी वळवावी. मी ते वाचून दाखवायला गेलो. बाई रांजण घासत होत्या. "वाचा भाऊ, मी ऐकी ऱ्हायनू," म्हणाल्या. शेवटच्या ओळीला त्यांचा हात थांबला. मी चार वर्षांत तो थांबलेला पहिल्यांदाच पाहिला. कारण होळी झाली होती आणि मोह फुलायला लागला होता.

मोह फुलला की पाडा रिकामा होतो. फुलं पहाटेपासून टपटपतात, उशीर झाला की गुरं खातात. म्हणून घरंच्या घरं डोंगरात झाडांखाली मुक्कामाला जातात, पोरंसोरं, कोंबड्या, सगळी. दर वर्षी या दिवसांत बालवाडीत दहा-बारा डोकी उरत. आतापर्यंत ते खपून गेलं होतं. या वर्षी खपणार नव्हतं. केंद्र बंद झालं तर पंधरावरून चाळीस झालेल्या पोरांच्या पोटात दिवसाकाठी जे एक भांडं पडत होतं तेही जाणार होतं. त्यांत जमनी नावाची एक होती, तीन वर्षांची, मुडदूस झाल्यासारखी वाळलेली. राबडीवर ती नुकतीच कुठे भिंत धरून उभी राहायला शिकली होती. बाई दुसऱ्या कोणाचं नाव न घेता एवढंच म्हणाल्या, "जमनीनं काय?"

त्या दिवशी माझ्या तोंडून नको ते निघून गेलं. मी म्हणालो, "बाई, जरा बसा, शांतपणे विचार करू." त्या पुन्हा रांजणाकडे वळल्या आणि म्हणाल्या, "मी बठनू का मन्ही पोरनी याद येस भाऊ. मंग कामच बरं." नवरा आणि तीन वर्षांची मुलगी एकाच पावसाळ्यात तापानं गेल्याचं मला पुढे घरमालकांनी सांगितलं. चार वर्षं मी या बाईच्या पायांची थट्टा करत आलो होतो. मला स्वतःची लाज वाटली, आणि अजूनही वाटते.

तिसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर कापसाच्या खोलीला कुलूप, आणि दारावरची 'बालवाडी व दूधकेंद्र' ही पाटीही गायब. बाईंनी भावाची बैलगाडी जुंपली होती आणि डबा, भांडी, घंटा, पाटी, शिवाय हट्ट धरून बसलेली गावातली दहा-बारा पोरं गाडीत घालून त्या डोंगराला निघून गेल्या होत्या. जाताना घरमालकांना सांगून गेल्या, "पोरे जठे, तठे केंद्र. भिंतीसले कोन दूध पाजस?" मी डोक्याला हात लावला. परिपत्रकात मोहाच्या झाडाची सोय नव्हती. आणि तपासणी यायची ती याच आठवड्यात.

ती आलीच. जिल्ह्याचे तपासणी अधिकारी जीपमधून उतरले. दारावर कुलूप, कुलपावर कोळ्याचं जाळं. "केंद्र कुठं आहे?" त्यांनी विचारलं. मला दुसरं काही सुचेना. "साहेब, केंद्र मोहाला गेलं आहे," मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मनातल्या मनात वाईचं तिकीट काढलं. जीप नाल्यापाशी थांबली, पुढे अर्धा मैल चढ. साहेब बुटांतले खडे काढत चालले होते आणि मी त्यांच्या पुढे धावत होतो, बाईंना आधी गाठून निदान चार शब्द सांगावेत म्हणून. मोहाचा दाटगोड वास येऊ लागला आणि पाठोपाठ घंटा ऐकू आली.

मोठ्या मोहाच्या फांदीला पाटी टांगली होती. खाली एकोणचाळीस पोरं रांगेत, भांडी तोंडाला लावून. आयाबाया टोपल्यांत फुलं वेचत होत्या; साहेबांना पाहून सगळ्या सरळ उभ्या राहिल्या. म्हातारे उभे राहिले. पोरंही उभी राहिली. आणि आमच्या बाई, या साऱ्या मुलखात कधी न बसलेल्या बाई, झाडाच्या बुंध्याशी मांडी घालून बसल्या होत्या. मांडीवर चाळिसावी, जमनी, होती. आधीचे दोन दिवस तिला ताप होता, पोटात काही ठरत नव्हतं. आज पहिल्यांदा भांडंभर राबडी पिऊन ती झोपली होती. मी डोळ्यांनी खुणावलं, हातानं खुणावलं, खोकलो. बाई हलल्या नाहीत. साहेबांकडे पाहून हळू आवाजात म्हणाल्या, "साहेब, आते उठता येवाव नही. पोरले आत्तेच झोप लागनी."

साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. ते काही बोलणार एवढ्यात एका म्हातारीनं त्यांच्या हातात राबडीचं भांडं दिलं. चढून आले होते, तहानलेले होते, प्यायले. आणखी एक मागून घेतलं. मग विचारलं, "साखर कुठून मिळते तुम्हाला?" बाई म्हणाल्या, "साखर नही साहेब, मव्हानां फुले शेतस." ते दारूबंदीचे दिवस होते. मोहाच्या फुलाचं नाव काढलं तरी सरकार कान टवकारत असे, आणि इथे सरकारी दुधात मोह, आणि तोही दोन भांडी खुद्द साहेबांच्या पोटात. साहेबांनी रिकामं भांडं हळूच खाली ठेवलं. मग त्यांनी पोरं मोजली, दोनदा मोजली, आणि गुपचूप उतरणीला लागले.

पंधरा दिवसांनी दोन कागद आले. एकात लिहिलं होतं की मोसमापुरतं केंद्र जागा बदलून चालवण्यास हरकत नाही. राबडीचा उल्लेख कुठेही नव्हता. दुसरा कागद बाईंच्या नावानं होता: तपासणीच्या वेळी सेविका अधिकाऱ्यांसमोर उभ्या राहिल्या नाहीत, याबद्दल त्यांना समज देण्यात येत आहे. मी तो वाचून दाखवला. बाई तेव्हा खोलीला माती लिंपत होत्या, अर्थातच उभ्यानं. ऐकून म्हणाल्या, बरोबर लिहिलंय. तो कागद त्यांनी भुकटीच्या डब्यावर, गाईच्या चित्राशेजारी चिकटवून टाकला.

पुढे माझी बदली झाली. काही वर्षांनी कामानिमित्त शहाद्याला आलो तेव्हा वाट वाकडी करून गेलो. बाईंचे गुडघे गेले होते. ओट्यावर बाजेवर बसलेल्या. बालवाडीची पोरं भांडी घेऊन ओट्यावरच रांगेत बसली होती. रवी मात्र बाईंच्याच हातात होती आणि बाजेखाली त्यांचा एक पाय सारखा हलत होता. रांगेतल्या धाकट्यांना एक आठ-नऊ वर्षांची पोर भांडी वाटत होती. तिचं नाव मी विचारलं नाही. मधूनच भिंतीला हात लावून चालण्याच्या तिच्या सवयीवरून ओळखलं.

"बठा भाऊ," बाई म्हणाल्या. आणि मग, जणू माझी समजूत काढावी तशा, "आते याद येस. येऊ दे म्हनस." म्हणजे आता आठवण येते, येऊ दे म्हणते. मी नेहमीसारखा पाट ओढायला गेलो. पण मला काही बसवेना. ती पोर शेवटचं भांडं देऊन परतेपर्यंत मी तिथेच, ओट्याचा खांब धरून, उभा राहिलो.