बेसनाचा स्तूप

अक्का लग्नघरात शिरल्या की नवरीकडे जात नसत. आधी गोडाच्या टेबलासमोर उभ्या राहायच्या, कमरेवर हात ठेवायच्या आणि विचारायच्या, "नवऱ्याची आई उंच हाय का बुटकी?" बुटकी आहे म्हटलं तर गुडघे वाकवून तेवढ्या व्हायच्या आणि बघायच्या. उंच असली तर स्टुलावर चढायच्या. ड्यूटीवरून तशाच आलेल्या, हॉस्पिटलच्या पांढऱ्या साडीतल्या सिस्टरबाई भर मांडवात स्टुलावर उभ्या राहून लाडवांकडे डोळे बारीक करून बघतायत, हे बीदरलगतच्या आमच्या नौबादेत सगळ्यांनी पाहिलेलं आहे. "बाकीचे खायला आलेत," त्या म्हणायच्या, "ती बघायला आलीय. तिच्या डोळ्यानं मांडाया पायजे."

लोक हसायचे आणि टेबल पाहून गप्प व्हायचे. मला हसू यायचं नाही. मला अक्कांचा हेवा वाटायचा. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. मी त्यांच्याविषयी चांगलं लिहायला बसले आहे, पण ते माझ्या हातून कितपत होईल याचा मला भरवसा नाही.

अक्का म्हणजे आमच्या यांची थोरली बहीण. माहेर दुबलगुंडीचं, नोकरी बीदरच्या सरकारी दवाखान्यात, आणि घर आमच्या भिंतीला भिंत लावून. एखाद्याचा हेवा वाटत असला की त्याच्या आयुष्यातलं एखादं दुःख शोधून त्याची कीव तरी करता येते. अक्कांनी तीही सोय ठेवली नव्हती. नवरा शांत, बायकोचा चहा पिऊन 'वा' म्हणणारा. दोन मुलगे, दोघेही शिकणारे. पगार स्वतःचा. केससुद्धा माझ्यापेक्षा दाट. मुलगी तेवढी नव्हती, पण त्या कामाला त्यांनी माझी वापरली.

आमच्यात पूर्वी रुखवतात साखरेचं तुळशीवृंदावन असायचं, कलश असायचा. धर्मांतर झालं तेव्हा मी परकरात होते. या वस्तू आता ठेवायच्या नाहीत एवढं ठरलं, पण मग ठेवायचं काय, हा विषय कुठल्याही सभेत कुणी काढला नाही. सभा पुरुषांच्या होत्या. काही वर्षं आमच्या लग्नांत नुसत्या लाडू-चकल्यांच्या पराती मांडलेल्या असायच्या आणि बायका त्यांच्याकडे बघून खट्टू व्हायच्या. मग एका लग्नात अक्कांनी खोबऱ्याच्या वड्या पिंपळपानांसारख्या कापल्या, विणायच्या सुईनं त्यांवर शिरा ओढल्या आणि ती पानं टेबलावर अशी पसरली की वाटावं, आत्ताच वाऱ्यानं पडलीत. चिरोट्यांचं कमळ केलं. शंकरपाळ्यांचं चक्र केलं. बायका तोंडाला पदर लावून बघत राहिल्या. तेव्हापासून हुमनाबादेपर्यंत कुणाचं लग्न निघालं की आधी अक्कांची ड्यूटी विचारायचे आणि मग तारीख धरायचे. मी शाळेत मराठी शिकवत होते, महिला मंडळात दर वर्षी भाषण करत होते. माझं एक वाक्य आज कुणाला आठवत नाही. पिंपळपानं सगळ्यांना आठवतात.

कामाला लागल्या की त्या कुणाची भीड ठेवत नसत. गल्लीतल्या प्रत्येक घरातून एकेक पदार्थ करून यायचा. अक्का डब्याचं झाकण उघडून एक नजर टाकायच्या. "हे म्होरं. हे मागं. ह्ये तर लईच मागं." करणारी बाई समोर उभी असली तरी हेच. "चव बरी हाय ग, पर तोंड न्हाई त्याला." बाई फुरंगटायची, आणि पुढच्या लग्नात तीच आधी डबा घेऊन हजर व्हायची. मी असं कुणाला म्हटलं असतं तर माझ्याशी बोलणं टाकलं असतं.

माझ्या भाचीच्या लग्नात मी हट्टानं चिरोट्यांचं कमळ स्वतः केलं. दुपार गेली त्यात, बोटं भाजली. टेबलावर ठेवलं आणि मलाच ते बरं दिसलं. अक्का आल्या, लांबून बघितलं, जवळ येऊन दोन बोटांनी ताटली जराशी फिरवली. बस्स. एवढंच केलं. कमळ एकदम उमलल्यासारखं झालं. मुलीकडच्या बायका म्हणाल्या, "अक्कांचा हातच येगळा." कमळ माझं, बोटं माझी भाजलेली, आणि हात अक्कांचा वेगळा! अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्यात अक्का हसून म्हणाल्या, "आमच्या विमलनं केलंय ते." दिलेलं कौतुक घ्यायचं म्हणजे आणखीच कमीपणा.

आणि सुजाता. माझी एकुलती एक. शाळेतून आली की दप्तर आमच्या घरात आणि पोरगी भिंतीपलीकडे. पोळ्या केल्या की "आत्या पातळ करती." वेणी घातली की "आत्या दुखवत न्हाई." एकदा मी चिडून म्हटलं, "मग आत्याकडंच राहा जा." ती खरोखर उशी घेऊन गेली. अक्कांनी तिला जेवू घालून परत आणून सोडलं आणि वर मलाच सांगितलं, "लेकराला असं बोलत असत्यात का?"

सुजाताचं लग्न ठरलं, गुलबर्ग्याचं स्थळ, मुलगा बँकेत. लग्नाच्या संध्याकाळी हॉलमध्ये रिसेप्शन करायचं ठरलं. अक्का अंगणात गहू निवडत बसल्या होत्या. मी समोर जाऊन उभी राहिले.

"अक्का, रिसेप्शनचं टेबल मी मांडणार. एकटी."

त्यांचा हात सुपात थांबला. "मांड की. तुझी लेक हाय. मी कामून नको म्हणू?"

"तुमी पाहुण्यावानी खुर्चीत बसायचं. मधे काय बी सांगायचं न्हाई."

"न्हाई सांगत," त्या म्हणाल्या आणि पुन्हा गहू निवडायला लागल्या.

सुजाताला कळलं तेव्हा तिचा चेहरा पडला. "आत्या न्हाई करायली?" मग मला वाईट वाटू नये म्हणून म्हणाली, "बरं, तू कर. पर नीट कर ग आई." मला टेबलाची हौस नव्हती. मला एवढंच हवं होतं की या पोरीनं एकदा, आपल्या लग्नात, टेबलापुढं उभं राहून 'आई, भारी केलंस' म्हणावं.

अक्कांनी पानं केली होती, कमळ केलं होतं, चक्र केलं होतं. स्तूप कधी केला नव्हता. मी स्तूप करायचं ठरवलं. मोठं पातेलं उपडं घालून त्यावर बुंदीचे लाडू पाकानं चिकटवत गेले. घुमट असा गोल आला की मीच थबकले. वर खोबऱ्याच्या बर्फीची छत्री. टेबलावर पांढरंशुभ्र कापड अंथरलं, मधोमध स्तूप, दोन्ही बाजूंना फुलं, पुढं मेणबत्त्यांची ओळ. बाकीचे पेढे, करंज्या, म्हैसूरपाक भोवतीनं. अक्का रेशमी साडी नेसून पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्यांनी टेबलाकडं एकदा बघितलं आणि मांडीवरच्या हातांकडे बघत बसल्या. मला वाटलं, जिंकले.

गुलबर्ग्याची मंडळी आली. विहीणबाई टेबलापुढं आल्या, थांबल्या, आणि चपला काढून हात जोडले. त्यांच्या मागच्या बायकांनी चपला काढल्या. नवऱ्या मुलाच्या म्हाताऱ्या काकांनी मेणबत्त्या बघितल्या, डोळे मिटले आणि मोठ्यानं त्रिशरण म्हणायला सुरुवात केली. सगळा हॉल उभा राहिला. स्टेजवर नवरा-नवरीही उभी राहिली. वंदना झाली, लोक बसले, आणि लाडवाला कुणी हात लावेना. एका पोरानं करंजी उचलली तर त्याच्या आजीनं पाठीत धपाटा घातला. "पाया पड आधी!" मी "घ्या ना, घ्या" म्हणत फिरत होते, तर लोक माझ्याकडं असं बघत होते की मी काहीतरी भलतंच सांगतेय. कमरेत वाकून मी त्यांना स्तूप खायला सांगत होते! टेबल पूजेसारखं भरलेलं तसंच. विहीणबाई ताटकळलेल्या. कुणीतरी मागं फिसकन हसलं. सुजातानं मान खाली घातली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

तेव्हा अक्का उठल्या. सरळ टेबलाशी आल्या, मेणबत्त्या विझवल्या, आणि छत्रीच्या खालचा लाडू तटकन उपटून विहीणबाईंच्या हातावर ठेवला.

"हात जोडायला ह्यात काय न्हाई, विहीणबाई. बेसन हाय आन साखर हाय. आमच्या विमलच्या हातचं हाय, खाऊन बघा."

विहीणबाईंनी खाल्ला आणि खदखदून हसल्या. मग हॉल तुटून पडला. थोड्याच वेळात पातेल्याचं बूड दिसायला लागलं. लाडू चांगलेच झाले होते, पण लाडवांचं नाव कुणी काढलं नाही. नौबादेत अजून सांगतात ते अक्कांचं वाक्य. आणि सुजाता स्टेजवरून उतरून कुणाच्या गळ्यात पडली, हे लिहायला नको.

पुढं काही वर्षांनी अक्का आजारी पडल्या. ज्या दवाखान्यात नोकरी केली तिथंच खाटेवर. मुलगे बाहेरगावी, म्हणून दुपारी मीच असायचे. एकदा त्यांना पेज भरवताना मी न राहवून विचारलं, "अक्का, टेबल बघितलं तवाच तुमाला ठावं होतं का, असं होईल म्हणून?"

त्यांनी चमचा बाजूला केला. "व्हय. वंदनेला अंथरत्यात तसलं पांढरं कापड बघितल्याबरोबर."

"मग बोलला कामून न्हाई? मी नको म्हणले म्हणून?"

"तुझं कवा ऐकलंय मी?" त्या हसल्या, मग दम लागला म्हणून थांबल्या. "जळायले होते ग तुझ्यावर. समद्यांच्या लेकींचं मांडलं, आन जिला मांडीवर वाढवली तिचं तू काढून घेतलंस. म्हणलं, होऊ दे फजिती. मग पोरगी रडायली. ते न्हाई बघवलं." थोड्या वेळानं म्हणाल्या, "रोज वेणी मी घालायची, आन रातच्याला पोरगी तुझ्या घरला जायची. मला कसं वाटत असंल?"

खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं. इतकी वर्षं मी एकटीच जळते आहे असं समजत होते. अक्कांना माझा हेवा वाटत होता! मी उरलेली पेज त्यांना भरवली, तोंड पुसलं, आणि त्यांची वेणी घातली. फार दुखवलं नाही. "सुजाताला सांगू नको," त्या म्हणाल्या. त्यानंतर लवकरच त्या गेल्या.

सुजाता कन्नड शाळेत शिकली. मराठी बोलते, वाचत नाही, म्हणून हे इथं लिहायची हिंमत झाली. तिच्या घरी अक्कांचा फोटो आहे. दर सुट्टीला ती मुलांना ती गोष्ट सांगते, बेसन आणि साखर म्हणताना अक्कांसारखा हात करते, आणि शेवटी माझ्याकडे वळून म्हणते, "आत्या नसती तर त्या दिवशी आपली लाज गेली असती, न्हाई का ग आई?"

दर वेळी माझ्या अगदी जिभेवर येतं.

"व्हय बाई," मी म्हणते, "गेली असती."