नागऱ्याच्या वाटेवर तिसरा थेंब

पाटलीणबाई म्हणाली, गाडी गोंदियाला रिकामीच जाऊन राहिली, पाटील तीनच्या रेल्वेनं नागपूरहून येतात, तुले नागऱ्याचा महादेव पाहायचा असेल तर बसून जाय. मी लुगडं बदललं. फुकटच्या वाटेला मुहूर्त पाहत नाहीत.

आमचं गाव सौंदडजवळ. तुम्हाला जायचं असेल तर धान कापून झाल्यावर निघा, सडक कोरडी असते. तांदळाच्या भाकरी, मिरचीची चटणी आणि पाण्याचा लोटा सोबत ठेवा. लोटा विसरू नका.

ड्रायव्हर दौलत, दोन लेकरांचा बाप, कपडे बदलायला गेला होता. तेवढ्यात मी गाडीची पूजा उरकली. लोक गाडीच्या नाकाला कुंकू लावतात. पत्रा पूजून काय होते, जीव तर आत आहे. मी बाजूचं झाकण उचललं, इंजिनाला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडून पाणी त्यावरच शिंपडलं आणि झाकण लावून खोबरं पदरात बांधलं.

शीव ओलांडली आणि गाडी लंगड्या बैलासारखी चालू लागली. तीनदा धडधड, मग उचकी. चढावर एक सायकलवाला आमच्या पुढे गेला, आणि वळून हसलाही. दौलतचं तोंड उतरलं. मागच्या महिन्यात गाडी वाटेत बंद पडली तेव्हा पाटलांनी त्याला बजावलं होतं, पुन्हा असं झालं तर चाबी ठेवायची आणि घरी बसायचं. मला हे ठाऊक होतं, तरी माझं तोंड थांबलं नाही. गाडी धुतलीच नसशील, पेट्रोलात पाणी गेलं असेल, थांब, पाटलांनाच सांगते. तो एवढंच म्हणाला, "माय, घडीभर गप राहा. मले इंजिन ऐकू द्या."

सडक अर्जुनीला ट्रक उभे असतात. भजी गरम मिळाली, चहा एक आण्याला, गोड फार. तिथे एका ट्रकच्या चाकाला टेकून रायपूरकडचा मिस्त्री विडी ओढत होता. मला वाटलं, आता हा सारं इंजिन खोलून सडकेवर मांडेल आणि आमचे तीन इथेच वाजतील. पण त्यानं पाना उचललाच नाही. इंजिन चालू ठेवायला सांगितलं, मागे जाऊन धुराच्या नळीपुढे तळहात धरला आणि डोळे मिटले. धुराचे धक्के मोजत ओठ हलत होते. एक, दोन, तीन, आणि मग नुसताच हात.

"चार में से एक मजूर सोया है," तो म्हणाला. "माई, लोटा देना."

इंजिनातून तापलेल्या चार नळ्या निघतात. पहिलीवर त्यानं बोटानं थेंब टाकला. चर्र. दुसरीवर चर्र. तिसरीवर थेंब तसाच बसून राहिला, कपाळावरच्या घामासारखा. चौथीवर पुन्हा चर्र.

तवा तापला की नाही हे मी जन्मभर असंच पाहत आले. लोखंड इथेही तीच बोली बोलते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. अंगावर काटा आला. महादेव अजून कितीतरी कोस लांब होता.

त्यानं तिसऱ्या नळीजवळचा प्लग काढला. त्याच्या पांढऱ्या चिनीमातीवर लाल, चिकट ओघळ. मिस्त्रीनं वास घेतला आणि म्हणाला, "नारियल?"

दौलत माझ्याकडे पाहू लागला. मी ट्रककडे पाहू लागले.

मिस्त्रीनं समजावलं. आत ठिणगी पाडायची वीज या ओल्या वाटेनं बाहेरच पळून जात होती. फडक्यानं ओघळ पुसला, प्लग पेट्रोलनं धुऊन वाळवला आणि बसवला. इंजिन असं चालू लागलं जसं पोट भरलेलं जनावर. पैसे किती म्हटलं तर तो म्हणाला, "प्रसाद तो खिलाओ, माई." पदराची गाठ सोडून सगळं खोबरं देऊन टाकलं.

गोरेगावमार्गे गोंदिया, तिथून नागरा जवळच. देऊळ पाहून मान दुखते इतकं कोरीव आहे. दगडात एवढं काम कोणी केलं असेल, त्यालाही त्या मिस्त्रीसारखाच कान असेल, हेच डोक्यात फिरत राहिलं. दुपारी दगड तापतो, सकाळीच जा.

तीनला पाटील गोंदिया स्टेशनात उतरले. दौलतच्या बाहीला काळा डाग पाहून त्यांनी विचारलं, "पुन्हा बंद पडली काय रे?"

दौलत बाही दुमडू लागला. माझं नाव त्याच्या तोंडून निघेना. सकाळपासून मी त्याला एवढं बोलले, तरी निघेना.

"पाटील," मी म्हटलं, "गाडीले मी नारळ पाजला. तिले पचला नाही. चाबी मागायची तर माह्याकडून मागा."

पाटलांनी मला खालून वर पाहिलं. मग मागच्या सीटवर बसत दौलतला म्हणाले, "चाल, अंधार व्हायच्या आत घरी पोचव."

महादेव पाहिला, चांगला आहे. पण तव्यावर पाणी शिंपडलं की मी आता हात थांबवून ऐकते. दसऱ्याला पुन्हा गाडीची पूजा आली. मी चाकापुढे नारळ फोडला. दौलत तोवर इंजिनाच्या झाकणावर बसून होता.